२५ डॉलरची चिप

घरगुती संगणक गॅरेजमधल्या दोन-चार हुशार पोरांनी स्वस्त केला, ही दंतकथा अजून हौसेने सांगितली जाते. पोरं हुशार होतीच. पण किंमत उतरली ती चिपच्या कारखान्यात.

सप्टेंबर १९७५मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एमओएस टेक्नॉलॉजीने ६५०२ हा मायक्रोप्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू असलेली चिप, २५ डॉलरला विकायला काढला. तो घडवणारे चक पेडल आणि सहकारी मोटोरोला सोडून आले होते. मोटोरोलाचा ६८०० तेव्हा १७५ डॉलरला एक असा मिळे.

६५०२चं क्षेत्रफळ सुमारे १६.६ चौरस मिलिमीटर, ६८००चं २९. चिप्स वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या गोल चकतीवर, एकदम छापून मग कापतात. कडेची नासाडी सोडली तर ७५ मिलिमीटर व्यासाच्या वेफरवर पहिल्या २६६ चिप्स मावतात, दुसऱ्या १५२. वेफरचा खर्च तोच. आता समजा, दर चौरस सेंटिमीटरला सरासरी ५ दोष कसेही विखुरलेत. अशा विखुरलेल्या घटनांची शक्यता काढणारं पॉयसनचं सूत्र लावलं की निर्दोष चिप्सचं प्रमाण, म्हणजे यील्ड, ४४ टक्के आणि २३ टक्के येतं. हाती लागतात ११६ आणि ३६. आकारात फरक पावणेदोन पट, उत्पादनात तिपटीहून जास्त! दोष ५ वरून १ वर आणले, तर ६५०२च्या २२५ चिप्स चांगल्या निघतील.

दोष येतात कुठून? जुन्या पद्धतीत मास्क, म्हणजे काचेवर काढलेली आकृती, प्रकाशसंवेदी लेप दिलेल्या वेफरवर दाबून धरत. लेपाचा कण मास्कला चिकटला, की पुढच्या प्रत्येक वेफरवर त्याच जागी डाग. ओरखडे पडत ते वेगळेच. पर्किन-एल्मरच्या मायक्रलाइन यंत्राने हा स्पर्शच टाळला. त्यात एक अंतर्वक्र आणि एक बहिर्वक्र आरसा मास्कची त्याच मापाची प्रतिमा वेफरवर पाडतात. प्रतिमा रेखीव येते ती एका अरुंद कमानीपुरती, म्हणून मास्क आणि वेफर एकत्र सरकवून ती कमान सगळ्या वेफरवरून फिरवायची. एमओएसने हेच यंत्र वापरलं. ‘तंत्रज्ञान काळाबरोबर आपोआप स्वस्त होतं’ असं कुणी म्हटलं की मला हे आरसे आठवतात.

जॅक ट्रॅमियल यांची कमोडोर तेव्हा कॅल्क्युलेटर विकायची. तिला चिप्स पुरवणारी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स स्वतःच कॅल्क्युलेटर घेऊन बाजारात उतरली आणि भाव कोसळले. १९७६मध्ये ट्रॅमियल यांनी एमओएसच विकत घेतली. १९७७चा पेट आणि १९८२चा ५९५ डॉलरचा कमोडोर ६४ हे कमोडोरचे संगणक त्यातूनच आले. कमोडोर ६४च्या तर चित्राची आणि आवाजाची चिपही घरचीच होती.

पुढे हा कारखाना मागे पडला. १९९२च्या अमिगा १२०० या कमोडोरच्याच संगणकातली लीसा ही ग्राफिक्स चिप ह्यूलेट-पॅकार्डकडून बनवून घ्यावी लागली. एप्रिल १९९४मध्ये कमोडोरचं दिवाळं निघालं.