सेकंदाचा दहावा भाग

मे महिन्यातली दुपार. बाहेर ४५ अंश, रस्त्यावर चिटपाखरू नाही. नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात ताईच्या घरी कूलर घरघरत होता, खसचा ओला वास खोलीभर पसरला होता आणि माझी चौदा वर्षांची भाची खाली मांडी घालून ‘सेलेस्ट’ नावाचा व्हिडिओ गेम खेळत होती. एक लाल केसांची मुलगी, एक डोंगर, जागोजागी काटे आणि उड्या. मुलगी उडी मारते, काट्यांवर पडते, मरते, पुन्हा उभी राहते. भाऊजी जेवून उठले आणि दारातूनच म्हणाले, “काय करून राहिली ही सकाळपासून? या गेमनं डोकं सडते पोरांचं.”

मी अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतो. त्या वेळी माझं लक्ष भाचीच्या अंगठ्यावर होतं. एकाच फटीवरून उडी मारताना ती सत्तावीस वेळा पडली. मी मोजलं. एकदाही कंट्रोलर आपटला नाही, एकदाही “मला नाही जमत” म्हणाली नाही. अठ्ठाविसाव्या वेळी पलीकडे पोचली आणि मान वर न करता पुढच्या फटीला लागली. माझ्या वर्गात गणिताचं उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही की दुसऱ्याच प्रयत्नाला वही मिटणारी मुलं मी रोज बघतो. वय तेच, घरं तशीच, पुष्कळदा मूलही तेच. मग फटीशी सत्तावीस वेळा झुंजायचं बळ येतं कुठून?

उत्तराचा एक भाग सेकंदाच्या दहाव्या भागात आहे, आणि तो समजायला ३० सेंटिमीटरची पट्टी पुरते. पट्टी वरच्या टोकाला उभी धरा, कोणाला तरी खाली शून्याच्या खुणेपाशी बोटं उघडी धरायला सांगा आणि न सांगता पट्टी सोडा. बहुतेकांच्या चिमटीत ती १५ ते २५ सेंटिमीटरच्या दरम्यान सापडते. पट्टी २० सेंटिमीटर पडायला ०.२ सेकंद लागतो. डोळ्यानं पाहिलं, मेंदूला कळलं, बोटं मिटली, या प्रवासाला लागणारा हा वेळ.

गेममध्ये तर मुलगी कड्याकडे धावत असते. कडा आल्यावर बटण दाबू म्हणाल तर उशीर झालेलाच असतो. म्हणून मेंदू आधीच अंदाज बांधतो आणि तो अंदाज सेकंदाच्या काही शतांश इकडेतिकडे होतो. त्यात पडद्यावर चित्र उमटायला थोडा वेळ जातो, बटणाचा इशारा पोचायला थोडा. या सगळ्याची बेरीज झाली की खेळणारा शपथेवर सांगतो, “मी दाबलं होतं!” आणि काटेकोर नियमानं चालणारा गेम म्हणतो, पाय सुटला होता, मर. खेळणाऱ्याला ती फसवणूक वाटते. एका अर्थानं ती असतेही, कारण चूक त्याच्या एकट्याची नसते.

‘सेलेस्ट’ २०१८ साली आला. मुलीच्या हालचालींचा कोड निर्मात्यांनी नंतर सगळ्यांसाठी खुला केला. त्यात एक आकडा आहे: ०.१. पाय कड्यावरून सुटल्यानंतरही सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत बटण दाबलं तर उडी मान्य. सेकंदाला ६० चित्रं या हिशेबानं सहा चित्रं मुलगी हवेत असते आणि तरी तिच्या पायाखाली जमीन आहे असं गेम धरून चालतो. पट्टीच्या भाषेत सांगायचं तर जेमतेम पाच सेंटिमीटर. गेम बनवणारे याला ‘कायोटी टाइम’ म्हणतात. कार्टूनमधला कायोटी, म्हणजे कोल्ह्यासारखा एक प्राणी, कडा संपल्यावरही हवेत धावत राहतो, त्यावरून हे नाव पडलं.

ही सूट खेळणाऱ्याला कधी दिसत नाही. डोकं कोपऱ्याला निसटतं लागलं तर गेम मुलीला किंचित बाजूला सरकवून वाट देतो, तेही दिसत नाही. कोणीतरी माणसाच्या हाताला आणि डोळ्याला किती उशीर होतो याचा विचार करून, बोटांनी पुन्हा पुन्हा पारखून, हे आकडे बसवलेले असतात. सुताराच्या कामात सांधा जुळवायची जी निगुती असते, तीच ही. ज्यांचे हात आणखी सावकाश चालतात त्यांच्यासाठी याच गेममध्ये अख्खा वेग निम्म्यापर्यंत कमी करायची सोय आहे.

आणि मेल्यावर? साधारण एका सेकंदात मुलगी त्याच खोलीच्या तोंडाशी पुन्हा उभी. ना ओरडा, ना सुरुवातीपासून सगळं. काय चुकलं ते डोळ्यासमोर ताजं असतानाच दुसरा प्रयत्न. गेम मरणं मोजतो आणि एका पोस्टकार्डातून सांगतो की या आकड्याचा अभिमान बाळग, जितकी जास्त मरशील तितकी शिकते आहेस. भाचीचा त्या अध्यायातला आकडा तीनशेच्या वर होता. तिनं मला तो आपणहून दाखवला.

भाऊजींच्या रागात चुकीचं काहीच नाही, तो काळजीतून येतो. पण या काळजीला सध्या एक शास्त्रीय शब्द चिकटला आहे: डोपामिन, मेंदूतलं एक रसायन. “गेम खेळलं की डोपामिन सुटते, म्हणून नशा लागते,” हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीतही ऐकलं आहे. अर्धी गोष्ट खरी आहे. १९९८ मध्ये लंडनच्या संशोधकांनी आठ पुरुषांना रणगाड्याचा गेम खेळायला देऊन त्यांच्या मेंदूचं ‘पेट’ (PET) स्कॅनिंग केलं, म्हणजे मेंदूतल्या रसायनांचा माग घेतला. डोपामिन वाढल्याच्या खुणा दिसल्या. पण डोपामिन करतं काय? मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांमधून दिसलं की फळांचा रस अनपेक्षितपणे मिळाला तर डोपामिनच्या पेशी पेटून उठतात. तोच रस ठरल्याप्रमाणे मिळू लागला की त्या रसाला दाद देत नाहीत. आणि ठरलेला रस आलाच नाही तर त्या नेहमीपेक्षाही गप्प होतात. म्हणजे या पेशी अपेक्षा आणि घडलेली गोष्ट यांतला फरक सांगतात. अंदाज कुठे चुकला, हे मेंदूला कळवायची ही व्यवस्था. ती चालते म्हणून मूल सायकल शिकतं. डोपामिन सुटलं एवढ्यावरून एखादी गोष्ट वाईट ठरवायची तर चवीचं जेवण आणि आवडतं गाणंही दोषी ठरेल.

दुसरा आरोप मारधाडीचा. २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनमधली १४-१५ वर्षांची सुमारे हजार मुलं आणि त्यांचे पालक यांचा अभ्यास केला. गेममध्ये हिंसा किती, हे अधिकृत वर्गीकरणावरून ठरवलं, मुलाचं वागणं पालकांना विचारलं आणि हिशेब कसा मांडणार हे आधीच नोंदवून ठेवलं. हिंसक गेम आणि आक्रमक वागणं यांत संबंध आढळला नाही. त्याच्या आदल्याच वर्षी २४ अभ्यास आणि १७ हजारांहून अधिक मुलं एकत्र धरून केलेल्या विश्लेषणात लहानसा संबंध आढळला होता, हेही सांगायला हवं. वाद आहे तो इतक्या बारीक परिणामावर. “गेममुळे पोरं गुंड होतात” असं छातीठोक म्हणायला आधार नाही.

गेमच्या बाजूनं बोलणारेही कधी कधी वाहवत जातात आणि मला त्याचा तितकाच त्रास होतो. २००७ च्या एका अमेरिकी अभ्यासात ३३ डॉक्टर होते. आठवड्याला तीन तासांहून जास्त गेम खेळलेल्यांच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावात ३७ टक्के कमी चुका झाल्या. पण गेममुळे हात तयार झाला, की मुळात तयार हाताच्या माणसांना गेम आवडले? त्या आकड्यातून ते कळत नाही. २००३ चा ग्रीन आणि बावेलिए या संशोधकांचा प्रयोग अधिक नेटका होता. काहींना दहा दिवस रोज एक तास युद्धाचा वेगवान गेम दिला, काहींना टेट्रिस हा ठोकळे रचायचा गेम. युद्धाचा गेम खेळलेल्यांची डोळ्यांनी लक्ष ठेवण्याची क्षमता जास्त वाढली. एवढंच. त्यानं फिजिक्सचे मार्क वाढतात असं मी कोणत्याही पालकाला सांगणार नाही. गेम चांगला असायला मार्कांची गरजही नाही. जुलै २०२५ मध्ये आपल्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बाटुमीत बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला तेव्हा अख्खं नागपूर हरखलं. चौसष्ट घरांत लाकडी सोंगट्या हलवून उपयोग काय, असं त्या दिवशी कोणी विचारलं नाही.

राग धरावा असे गेम आहेतच. “ऊर्जा संपली, चार तास थांबा नाहीतर पैसे भरा” म्हणणारे. आत काय निघेल ते न सांगता पेट्या विकणारे. पैसे लावायला लावणारे. या शेवटच्यांवर तर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून बंदी आणली आणि त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला, म्हणजे गेमच्या स्पर्धांना, वेगळं स्थान दिलं. जागतिक आरोग्य संघटनेनंही गेमच्या विकाराला आजारांच्या यादीत घेताना तास मोजले नाहीत. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसूनही न थांबणं आणि हे साधारण वर्षभर चालणं, अशा खुणा सांगितल्या. अशा मुलाला मदत हवी आणि ती वेळेवर हवी. पण खिसा कापायला रचलेल्या गेमचा राग त्या ०.१ सेकंदावर घाम गाळणाऱ्यांवर काढणं हा अन्याय आहे. ‘सेलेस्ट’ला शिखर आहे. तिथे पोचलं की गोष्ट संपते. खेळणाऱ्याला धरून ठेवायला त्यात रोजच्या हजेरीचं बक्षीस नाही.

त्या संध्याकाळी ऊन उतरल्यावर भाची सायकल घेऊन बाहेर गेली आणि मी भाऊजींना पट्टीचा प्रयोग करून दाखवला. त्यांनी ती २२ सेंटिमीटरवर पकडली. “आन् हे गेमवाल्याले माहीत असते?” त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. ते थोडा वेळ पट्टीकडे बघत राहिले. मग “पन रात्री नऊनंतर नाही,” म्हणाले. मला ते पटलं.

मला मात्र वर्गातली गोष्ट सोडवत नाही. आमच्याकडे मूल मंगळवारी चुकतं आणि तपासलेला पेपर पुढच्या मंगळवारी हातात पडतो. तोवर आपण चिन्ह कुठे उलटं लावलं, ते त्याला आठवतही नसतं. जूनपासून मी निम्मी गणितं बाकांमधून फिरत पेन्सिलनं जागच्या जागी तपासतो, मार्क न देता, आणि खोडून पुन्हा करायला सांगतो. एका मुलाला अर्धा मिनिट लागतो. वर्गात चाळीस मुलं आहेत. शेवटच्या बाकावर पोचेपर्यंत वीस मिनिटं होतात, आणि तिथल्या दोघींनी तोवर वह्या मिटलेल्या असतात.