अडकलेली गोळी दुसऱ्या गोळीनं निघत नाही

पुण्यातल्या परवानाधारकांच्या गप्पांत एक सल्ला अजून फिरतो: रिव्हॉल्व्हरच्या नळीत गोळी अडकली तर मागून दुसरी झाडा, पहिली निघून जाते. हे साफ चूक आहे, जीवघेणं आहे.

काडतुसात दारू कमी भरली गेली किंवा ओल लागली (पावसाळाभर कपाटात पडलेली जुनी काडतुसं आठवा), की मोठा बार होण्याऐवजी नुसतं ‘फट्’ होतं, धक्का जवळजवळ बसत नाही. गोळी नळीतच राहते. रिव्हॉल्व्हरचं चक्र मात्र चाप ओढताच पुढचं काडतूस समोर आणतं. ते उडालं की कोंडलेल्या दाबानं नळी फुगते, फुटते, बोटं जातात.

‘फट्’ ऐकलं की थांबाच. बार झालाच नाही, तरी नळी लक्ष्याकडेच रोखून निदान अर्धा मिनिट धरा. बार उशिरानं होऊ शकतो. मग काडतुसं काढा आणि हत्यार परवानाधारक कारागिराकडेच द्या.