अजिंठ्याच्या निळाईचा ठाव

अजिंठ्याची लेणी पाहून आलेल्या माणसाच्या बोलण्यात दोन वाक्ये हमखास येतात. तिथले रंग झाडपाल्याच्या रसापासून केलेले होते, हे एक; आणि ते रंग दीड हजार वर्षे कसे टिकले याचे गुपित आजच्या विज्ञानालाही उलगडलेले नाही, हे दुसरे. ही दोन्ही विधाने चुकीची आहेत. त्यांतील दुसरे मला अधिक खटकते, कारण त्यामुळे चित्रकारांच्या हातातील खऱ्या कौशल्याकडे दुर्लक्ष होते आणि त्या कौशल्याचा शोध घेणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांचे कामही झाकले जाते.

वाघूर नदीच्या नालेच्या आकाराच्या वळणावर, काळ्या कातळात ही लेणी कोरलेली आहेत. कातळाच्या खडबडीत भिंतीवर आधी मातीचा जाडसर गिलावा दिलेला असून त्यात भाताचे तूस, वनस्पतींचे तंतू आणि वाळू मिसळलेली आहे. त्यावर बारीक मातीचा पातळ थर, त्यावर पांढऱ्या रंगाचा हात, आणि तो वाळल्यानंतर रंगकाम, असा क्रम आहे. युरोपातील खऱ्या ‘फ्रेस्को’ पद्धतीत चुना ओला असतानाच रंग लावतात. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून कॅल्शियम कार्बोनेट होतो आणि रंगाचे कण त्या स्फटिकांत कायमचे अडकतात. अजिंठ्यात तसे झालेले नाही. इथे रंगाची पूड चिकट द्रव्यात कालवून कोरड्या भिंतीवर लावलेली आहे, म्हणून या चित्रांना ‘फ्रेस्को’ म्हणणे बरोबर नाही. हा फरक केवळ शब्दांचा नाही. कोरड्या भिंतीवरचा रंग पाण्याला, दमटपणाला आणि चिकट द्रव्यावर जगणाऱ्या किड्यांना सहज बळी पडतो, त्यामुळे त्याची निगा वेगळ्या प्रकारे राखावी लागते.

गिलाव्यातल्या तंतूंभोवतीही अशीच एक चमत्कारकथा रचली गेली. २०१६ साली वेरूळच्या लेण्यांच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडल्याचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा ‘गांजाने वाचवली वेरूळची लेणी’ अशा थाटाच्या बातम्या झळकल्या. संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली तंतूंची रचना तपासून ती वनस्पती ओळखली होती आणि त्या तंतूंमुळे गिलाव्याला बळकटी मिळाली असावी, किडींचा उपद्रव कमी झाला असावा, असा तर्क मांडला होता. या संयत तर्काची बातमीत चमत्कारकथा झाली.

आता रंगांकडे वळू. तांबडा आणि पिवळा म्हणजे लोहाची संयुगे असलेली माती, आपल्या ओळखीची काव आणि पिवळी माती. काळा म्हणजे काजळी. हिरवा हा दख्खनच्या कातळाच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या हिरव्या खनिजाचा. ही सारी सामग्री परिसरातली आहे. निळा तेवढा परका आहे. तो लाजवर्द या दगडाचा असून प्राचीन काळी त्याची मुख्य खाण अफगाणिस्तानातील बदख्शानच्या डोंगरात होती. हा निळा लाजवर्दाचाच, नीळ नावाच्या झुडपाचा किंवा तांब्याच्या खनिजाचा नव्हे, हे भिंतीला ओरखडाही न पाडता कसे ठरवायचे, हा या विषयातला मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग आहे.

पहिली पायरी क्ष-किरणांची. क्ष-किरणांचा झोत रंगावर टाकला की अणूच्या आतल्या कक्षेतील एखादा इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो, वरच्या कक्षेतील इलेक्ट्रॉन त्याची जागा घेतो आणि उरलेली ऊर्जा पुन्हा क्ष-किरणाच्या रूपाने बाहेर पडते. ही ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्याची ठरलेली असते. निळ्या रंगातून तांब्याची खूण मिळाली तर तो तांब्याच्या खनिजाचा असण्याची शक्यता मोठी. लाजवर्दात मात्र सोडियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन, गंधक अशी हलकी मूलद्रव्ये असतात. त्यांचे क्ष-किरण इतके दुबळे असतात की उपकरणापर्यंत पोहोचण्याआधीच त्यांतील बरेचसे हवेत शोषले जातात. म्हणून ‘तांबे नाही’ एवढेच उत्तर हाती येते. वनस्पतीजन्य निळीतही तांबे नसतेच, तेव्हा प्रश्न अर्धाच सुटतो.

उरलेला अर्धा भाग रामन परिणामाने सुटतो. १९२१ साली बोटीने भारतात परतताना चंद्रशेखर वेंकट रामन यांना समुद्राच्या निळाईने विचारात पाडले, आणि प्रकाशाच्या विकिरणाचा तो शोध २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात फळाला आला. लेसरसारख्या एकाच रंगाच्या प्रकाशाचा झोत पदार्थावर टाकला तर विखुरणारे जवळजवळ सगळे फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, आले तसेच परत जातात. साधारण कोटीत एखादाच फोटॉन रेणूला आपली थोडी ऊर्जा देऊन, म्हणजेच रंग किंचित बदलून परततो. त्याने किती ऊर्जा दिली हे रेणूच्या कंपनांवर अवलंबून असते. त्यामुळे परतलेल्या प्रकाशातील हा बदल मोजला की रेणूची ओळख पटते.

लाजवर्दाच्या बाबतीत कंपन पावणारा घटक विलक्षण आहे. ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या अणूंनी बनलेले सूक्ष्म पिंजरे एकमेकांना जोडून या स्फटिकाची चौकट तयार होते. त्यांतील काही पिंजऱ्यांत गंधकाच्या तीन अणूंचा एक गट कोंडलेला असतो आणि त्याच्याजवळ एक इलेक्ट्रॉन जास्तीचा असतो. असा गट मोकळ्या हवेत तग धरू शकत नाही. पिंजरा त्याला वाचवतो. हा गट सुमारे ६०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा पिवळा-नारिंगी प्रकाश शोषून घेतो, आणि जे उरते ते आपल्याला निळे दिसते. म्हणजे बोधिसत्त्वाच्या मुकुटाजवळ दिसणाऱ्या त्या गडद निळाईचे मूळ निळ्या धातूत नाही, तर पिंजऱ्यात कोंडलेल्या गंधकात आहे, तेच गंधक जे मोकळे असताना पिवळे दिसते.

हे तीन अणू एकाच वेळी पसरतात आणि आक्रसतात, सेकंदाला सुमारे १६ लाख कोटी वेळा. त्यावर ५१४.५ नॅनोमीटरचा हिरवा लेसर टाकला तर रामन परिणामाने परतणाऱ्या प्रकाशात सुमारे ५२९.४ नॅनोमीटरची रेषा दिसते. दोन्हींतील ऊर्जेचा फरक तरंगसंख्येच्या, म्हणजे एका सेंटिमीटरात मावणाऱ्या लाटांच्या संख्येच्या भाषेत प्रति सेंटिमीटर ५४८ इतका असतो. शिवाय गंधकाचा हा गट जो प्रकाश शोषतो त्याच्या जवळपासचाच लेसर वापरल्यामुळे अनुनाद होतो, म्हणजे गट त्या प्रकाशाला अधिक जोराने प्रतिसाद देतो, आणि एरवी अत्यंत क्षीण असणारी ही रेषा अनेक पटींनी ठळक होते. म्हणूनच सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या एखाद्या कणावरूनही उत्तर मिळू शकते. वनस्पतीजन्य निळीच्या रेषा पूर्णपणे वेगळ्या जागी पडतात.

एक मर्यादा इथे सांगायला हवी. पांढऱ्या कपड्यांसाठी आपल्याकडे पुडीतली जी नीळ वापरत, ती म्हणजे कारखान्यात बनवलेले हेच संयुग. तिची रामन रेषाही ५४८ वरच येते. मग एखादा निळा भाग मूळचा की अलीकडच्या डागडुजीचा, हे सूक्ष्मदर्शकाने पाहावे लागते: दळलेल्या दगडाचे कण ओबडधोबड, टोकदार आणि लहानमोठे असतात, त्यांच्यासोबत इतर खनिजांचे तुकडे असतात, कारखान्यातील कण बारीक, गोलसर आणि सारखे असतात. या पुडीतल्या निळीवर लिंबू पिळून पाहावे. आम्लाने पिंजरा मोडतो, सडक्या अंड्यासारखा हायड्रोजन सल्फाइडचा वास येतो आणि निळा रंग नाहीसा होतो. भिंतीवरच्या लाजवर्दाजवळ आम्लयुक्त द्रावण न्यायचे नाही, हे त्यावरून वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

रंगाची आणि द्रव्यांची अशी चौकशी न करता केलेल्या उपचारांची किंमत अजिंठ्याने मोजली आहे. एकोणिसाव्या शतकात प्रतिकृती करताना चित्रे उठून दिसावीत म्हणून त्यांवर रोगण चढवले गेले. पुढे १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी सुटलेला गिलावा जागेवर बसवला, आणि तो भाग खरोखरच उपकारक ठरला. पण त्यांनी चित्रांवर शेलॅकही वापरले. शेलॅक म्हणजे सुतार स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडाला पॉलिश करतो ती चपडी लाख. ताजी असताना ती पारदर्शक दिसते. काळाच्या ओघात तिचे रेणू एकमेकांत गुंततात, ती पिवळी-तपकिरी पडते आणि स्पिरिटमध्येही नीट विरघळेनाशी होते. वर धूळ आणि काजळी बसली की निळा हिरवट दिसतो आणि पांढरा पिवळा.

ही लाख रामन तंत्रालाही अडथळा करते. लेसर पडताच ती स्वतः फ्लुओरेसन्सने उजळते आणि त्या उजेडात कोटीतला तो एक फोटॉन हरवून जातो. मात्र याच दोषाचा उपयोगही करून घेता येतो. अंधारात अतिनील दिवा लावला की लाखेचा थर नारिंगी छटेने उजळतो आणि तो भिंतीवर कुठे, किती पसरला आहे याचा नकाशा मिळतो. मग कापसाच्या छोट्या बोळ्याने, आधी कोपऱ्यात चाचणी घेऊन, द्रावकाची निवड करत तो इंचाइंचाने काढता येतो. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या विज्ञान शाखेने अलीकडच्या दशकांत अशी स्वच्छता केल्यावर दहाव्या लेण्यातील, सातवाहनकाळातील चित्रे पुन्हा दिसू लागली. त्या जुन्या चित्रांत तांबडा आहे, पिवळा आहे, काळा, पांढरा, हिरवा आहे. लाजवर्दी निळा मात्र नाही. तो पाच-सहाशे वर्षांनंतरच्या, वाकाटककाळातील चित्रांत आढळतो, आणि पहिल्या व दुसऱ्या लेण्यात तो भरपूर आहे.