जुने व्हॅक्यूम क्लीनर ‘कधीच बिघडत नसत’?

जुन्या व्हॅक्यूम क्लीनरबद्दल हे वाक्य हमखास ऐकू येतं. ते खरं नाही. बिघडलेली बहुतेक मशीन्स कधीच भंगारात गेली; आपल्याला दिसतात ती फक्त टिकलेली.

अमेरिकेतला १९३६चा ‘हूव्हर १५०’ घ्या. औद्योगिक डिझायनर हेन्री ड्रेफस यांचं डिझाइन, मॅग्नेशियम धातू आणि बेकेलाइट या जुन्या कडक प्लास्टिकची बॉडी. पण आतला रबरी पट्टा ताणून सैल होणारच. मोटरचे कार्बन ब्रश, म्हणजे वीज आत पोचवणारे कार्बनचे छोटे ठोकळे, कम्युटेटरवर (मोटरच्या फिरणाऱ्या भागावरच्या तांब्याच्या कड्यावर) सतत घासतात, म्हणजे झिजणं हेच त्यांचं काम. बेअरिंगमधलं ग्रीस सुकून मेणासारखं घट्ट होतं. सगळ्यात धोकादायक वायर: रबराचं आवरण इतकं कडक होतं की वाकवलं की तुकडे गळतात आणि तांबं उघडं पडतं. बॉडी धातूची, बहुधा अर्थिंग नाही. म्हणून जुनं मशीन ‘बघू चालतंय का’ म्हणत प्लगला लावू नका, आधी वायर बदला. अमेरिकन मशीन ११०-१२० व्होल्टचं. आपल्या २३० व्होल्टवर मोटर जळेल.

खरी थोरवी दुरुस्तीत होती. स्क्रू काढले की मोटर हातात येते, कार्बन ब्रश आणि पट्टा घरीही बदलता येतात. आजची बरीच मशीन्स उघडताच येऊ नयेत अशी बनवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.