फॅमिली थेरपिस्ट ‘शिकवते’ म्हणजे काय करते? वर्ग आणि सुपरव्हिजन

कॅलिफोर्नियातल्या फॅमिली थेरपिस्टच्या ओळखीत बऱ्याचदा तीन गोष्टी एका दमात लिहिलेल्या असतात : थेरपिस्ट, सुपरव्हायजर, अ‍ॅडजंक्ट फॅकल्टी. पहिली कळते. उरलेल्या दोन्हींचा अर्थ ‘बाई शिकवतातही’ एवढाच धरून आपण पुढे जातो. पण ती कामं दोन आहेत, आणि त्यांतली जोखीम अजिबात सारखी नाही.

वर्गातलं काम आपल्या ओळखीचं. मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना जीनोग्राम (पिढ्यांमधली नाती दाखवणारा कुटुंबाचा नकाशा) काढायला शिकवायचं, फॅमिली थेरपीचा पाया घालणाऱ्या मिन्युचिन आणि बोवेन यांच्या पद्धतींत फरक काय ते समजवायचं, कायदा आणि नीतिनियम शिकवायचे, पेपर तपासून ग्रेड द्यायची. अ‍ॅडजंक्टला, म्हणजे कोर्सपुरत्या नेमलेल्या प्राध्यापकाला, मानधन कोर्सप्रमाणे मिळतं. घर चालतं ते प्रॅक्टिसवर. (तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या आपल्याकडच्या प्राध्यापकांना हे वेगळं सांगायला नको.) इथे विद्यार्थी चुकला तर मार्क जातात. फळ्यावरचं कुटुंब बहुतेक वेळा कागदावरचंच असतं.

सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे शिकाऊ थेरपिस्टच्या केसेसवर देखरेख करताना, ते कुटुंब खरं असतं. पदवी मिळाली म्हणून परवाना मिळत नाही. असोसिएट, म्हणजे परवान्याआधीचा शिकाऊ थेरपिस्ट, म्हणून नोंदणी करून देखरेखीखाली एकूण 3,000 तास भरायचे, तेही किमान 104 आठवड्यांत पसरलेले. त्यांतले निदान 500 तास जोडपी, कुटुंबं आणि मुलं यांच्यासोबतचे. दर आठवड्याला सुपरव्हायजरसमोर एक तास एकट्याने नाहीतर दोन तास गटात बसायचं. आठवडाभरात कोण आलं, कोण काय बोललं, आपण कुठे गडबडलो, हे सगळं तिथे मांडायचं. तासांच्या फॉर्मवर सही सुपरव्हायजरची. ती सही ग्रेडसारखी नसते. अमुक माणसं या असोसिएटच्या हाती माझ्या भरवशावर होती, अशी ती कबुली असते.

देखरेख नेहमी नंतरच होते असंही नाही. फिलाडेल्फियाच्या चाइल्ड गायडन्स क्लिनिकमध्ये 1960च्या दशकाअखेरीस साल्व्हाडोर मिन्युचिन आणि त्यांचे सहकारी थेरपिस्ट जे हेली आणि ब्राउलिओ मोंताल्वो काचेपलीकडे बसून शिकाऊ थेरपिस्टचं सत्र बघत. काच अशी की पलीकडून दिसतं, आतून दिसत नाही. गाडी घसरतेय असं वाटलं की आत फोन करायचे : वडिलांना जरा बोलू दे, आईशेजारून मुलाला उठव. शिकाऊ माणसं तरी कोण? आजूबाजूच्या गरीब वस्त्यांतली, मानसशास्त्राची पदवी नसलेलीही काही. हे वर्गात होणं शक्यच नव्हतं.

जोखीम किती खोल जाते, ते बघायला तारासॉफ खटला पुरे. कॅलिफोर्नियाच्या बर्कले विद्यापीठात शिकणाऱ्या एका भारतीय विद्यार्थ्याने थेरपिस्टला सांगितलं की तो एका मुलीला (तारासॉफ हे तिचं आडनाव) मारणार आहे. थेरपिस्टने कॅम्पस पोलिसांना कळवलं. मात्र थेरपिस्टच्या विभागप्रमुखांनी पुढे काही करू नका असा आदेश दिला, असा आरोप मुलीच्या आईवडिलांनी केला. 1969मध्ये खून झाला. 1976मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की ज्याच्या जिवाला धोका आहे त्याच्या रक्षणासाठी वाजवी पावलं उचलणं हे थेरपिस्टचं कर्तव्य आहे. त्या खटल्यात प्रतिवादींच्या यादीत विभागप्रमुखांचंही नाव होतं. हाताखालच्या थेरपिस्टच्या खोलीत काय घडतंय याची विचारणा वरिष्ठांकडे होते, ती अशी.

मग एकच बाई दोन्ही कामं करत असतील तर? करतात पुष्कळजणी, आणि माझ्या मते त्या चांगलं शिकवतात. कालच्या सत्रातला अवघडलेपणा आज वर्गात नेता येतो, अर्थात ओळख पुसून. गोंधळ होतो तो तिसऱ्याच ठिकाणी. जीनोग्राम काढताना विद्यार्थिनीला स्वतःचंच घर दिसतं, डोळ्यांत पाणी येतं, आणि ती विचारते, ‘मॅडम, मी तुमच्याकडेच थेरपीला येऊ का?’ अमेरिकेतल्या विवाह आणि कुटुंब थेरपिस्टांच्या संघटनेची, एएएमएफटीची, आचारसंहिता इथे स्पष्ट आहे : सध्याचे विद्यार्थी किंवा सुपरव्हायजी (देखरेखीखालचे शिकाऊ) यांना थेरपी द्यायची नाही. जिच्या हातात ग्रेड किंवा सही आहे तिच्यापुढे कोण मोकळं होणार? बाईंनी दुसऱ्या थेरपिस्टचं नाव सुचवायचं आणि वर्ग पुढे चालू ठेवायचा.

भारतात फॅमिली थेरपिस्टचा असा वेगळा परवानाच नाही, त्यामुळे तासांच्या फॉर्मवरची ती सहीही नाही. म्हणून पुण्या-मुंबईत एखादी थेरपिस्ट ‘मी शिकवते’ म्हणाली, तर कोर्स घेते की कुणाच्या केसेसवर देखरेख करते, हे तिलाच विचारावं लागतं.