तालमीच्या गावात विद्यार्थ्यांचा व्यायाम कुठं सुटला?

कोल्हापुरात पत्ता सांगताना आजही कुस्तीच्या तालमीचं नाव येतं. पाटाकडील तालमीच्या मागं, खंडोबा तालमीजवळ, गंगावेशीत तालमीसमोर. अशा गावातली कॉलेजची पोरं दोन जिने चढून धापा टाकतात, तेव्हा घराघरांतून एकच उत्तर येतं : मोबाईल. मला ते अपुरं वाटतं. मोबाईल परवाचा, पण तालीम आणि शाळा यांची फारकत त्याच्या कितीतरी आधीची आहे.

शाहू महाराजांच्या काळात या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी वाढल्या. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं, पाठोपाठ निरनिराळ्या समाजांची वसतिगृहं उभी राहिली. १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम निघाला. त्याच काळात, १९०२ च्या युरोप दौऱ्यात पाहिलेला रोमचा आखाडा मनात ठेवून महाराजांनी खासबाग मैदानाचं काम हाती घेतलं आणि १९१२ मध्ये ते खुलं झालं. खेड्यातून शिकायला आलेल्या मुलाला राहायची सोय गावात आणि तालीम हाकेच्या अंतरावर. पहाटे तांबड्या मातीत उतरायचं, जोर-बैठका मारायच्या, अंघोळ करून वर्गात जायचं. ती माती साधी नसते. तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर घालून ती मळलेली असते. हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यात, पाय टाकला की आधी तो वास येतो, मग वस्तादांची हाक. त्या हाकेला घाबरून का होईना, पोरगं रोज उठायचं. व्यायामाला एकट्याची इच्छाशक्ती लागत नव्हती, ते काम पेठ करायची.

या घडणीचं सर्वांत मोठं फळ म्हणजे खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते कुस्तीत सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ही गोष्ट आठवली की आजही ऊर भरून येतो.

पण इथूनच आपली नजर पदकाकडे वळली, असं मला वाटतं. जलतरणपटू वीरधवल खाडे, नेमबाज तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे या सगळ्यांचा अभिमान आहेच. मात्र ज्याला पदक नको, फक्त रोज अर्धा तास अंग हलवायचं आहे, त्या विद्यार्थ्याची जागा हळूहळू कमी होत गेली. तालमींची मंडळं झाली, पेठांची ईर्ष्या फुटबॉलमध्ये उतरली. शाहू स्टेडियम आजही भरतं, पण खेळणारे बावीस आणि बाकी सगळे बघणारे.

शिक्षणही बदललं. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ शहराबाहेरच्या माळावर उभं राहिलं, कॉलेजं पसरली, सायकलची जागा मोपेडनं घेतली. पुढं प्रवेश परीक्षांचा जोर वाढला. माझ्या ओळखीतला बारावीचा एक मुलगा सकाळी सहाला राजारामपुरीत क्लासला जातो, तिथून कॉलेज, दुपारी दोन घास, पुन्हा क्लास, रात्री टेस्ट. याला आळशी कसं म्हणायचं? त्याच्या शाळेत पीटीचा तास वेळापत्रकात होता, पण दहावीच्या वर्षी तो गणिताच्या सरांनी घेतला आणि पालकांनी त्यांचे आभार मानले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते या वयाला दिवसाकाठी सरासरी ६० मिनिटांची दमवणारी हालचाल हवी. २०१६ च्या आकडेवारीनुसार जगातली ११ ते १७ वयाची ८१ टक्के शाळकरी मुलं त्याला कमी पडतात. आपलं दुखणं एकट्या कोल्हापूरचं नाही. पण आपल्याकडं वाट होती आणि ती बुजली, याचं वाईट वाटतं.

मुलींच्या बाबतीत तर ती वाट कधी नव्हतीच. तालमीच्या मातीत बाईनं पाय ठेवायचा नाही, हा दंडक पिढ्यान्‌पिढ्या चालला. पंचगंगेच्या घाटावर पोहायला शिकले ते पोरगे. आता काही मुली कुस्तीत नाव काढतात, पण साध्या विद्यार्थिनीपुढं संध्याकाळी लवकर बंद होणारं वसतिगृहाचं फाटक असतं, दिवे नसलेला रस्ता असतो, ट्रॅक पँटकडं वळून बघणारी नजर असते. एका वसतिगृहाच्या गच्चीवर मी मुलींना नोट्स हातात घेऊन फेऱ्या मारताना पाहिलंय. पाण्याच्या टाकीपासून कठड्यापर्यंत, वळून परत.

भल्या पहाटे रस्त्यावर पळणारी पोरंपोरी अजून दिसतात, ती बहुतेक पोलीस भरतीची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. हातात स्टॉपवॉच, पायात झिजलेले बूट. एकीला विचारलं, भरती झाल्यावर पळणार का? ती म्हणाली, "मग कशाला?"