कमांड लाइनमधील अंगभूत मदत

कमांड लाइनवरच्या, म्हणजे आज्ञा टाइप करून चालवायच्या, प्रोग्रामबरोबरच येणारी आणि टर्मिनल (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) न सोडता वाचता येणारी माहिती म्हणजे अंगभूत मदत. बहुतेक प्रोग्रामच्या नावापुढे ‘--हेल्प’ लिहिले की थोडक्यात गोषवारा उमटतो. ‘मॅन’ या कमांडने सविस्तर पान उघडते. एमएस-डॉस या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या प्रणालीत हेच काम ‘/?’ करत असे.

‘मॅन’ हे ‘मॅन्युअल’चे लघुरूप. युनिक्स या संगणक प्रणालीच्या मॅन्युअलची पहिली आवृत्ती ३ नोव्हेंबर १९७१ ची. अमेरिकेतील बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ती लिहिली. नाव, वापराचा नमुना, वर्णन, दोष हे मथळे मॅन पानांत आजही तसेच आहेत. यातला ‘दोष’ हा मथळा फार मोलाचा: प्रोग्राम कुठे चुकतो, हे त्याचा कर्ताच सांगून ठेवतो.

या मदतीचे खरे बळ म्हणजे ती समोरच्या यंत्रावरच्या आवृत्तीबद्दल बोलते. हिंजवडीत मॅकवर काम करणारा आणि लिनक्स सर्व्हर सांभाळणारा प्रोग्रामर ‘सेड’ या मजकूर बदलणाऱ्या कमांडचा ‘-आय’ (मूळ फाइलीतच बदल करणारा) हा पर्याय दोन्हीकडे वापरतो. लिनक्सवरच्या सेडमध्ये (ग्नू प्रकल्पाच्या आवृत्तीत) त्यापुढे बॅकअप फाइलचा प्रत्यय (नावाच्या शेवटी जोडायची अक्षरे) दिला नाही तरी चालते. मॅकवर तो द्यावाच लागतो, निदान रिकामे अवतरण तरी. कुठून तरी उचललेली ओळ म्हणूनच एकीकडे चालते आणि दुसरीकडे अडते. त्या-त्या यंत्रावर ‘मॅन सेड’ उघडले की फरक मिनिटभरात कळतो.

पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये प्रॅक्टिकलच्या वेळी नेट बंद असले, तर हाताशी उरते ती हीच मदत. सी ही प्रोग्रामिंग भाषा शिकणारा विद्यार्थी ‘मॅन प्रिंटएफ’ लिहितो आणि समोर त्याच नावाची शेलची (टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामची) कमांड येते, कारण पाने विभागांत लावलेली असतात आणि पहिला विभाग आधी तपासला जातो. सीचे फंक्शन तिसऱ्या विभागात आहे, त्यासाठी ‘मॅन ३ प्रिंटएफ’ लिहावे लागते. ही एक गोष्ट पहिल्याच तासाला सांगितली तर मुलांचा पुष्कळ वेळ वाचेल. कमांडचे नावच आठवत नसेल, तर ‘मॅन -के’ पुढे विषयाचा शब्द द्यावा.

आयसर पुणे येथील परम ब्रह्मसारख्या महासंगणकावर संशोधक दुरून लॉगिन करतो आणि बहुतेक काम कमांडनेच करतो. अशा सामायिक यंत्रावर अंदाजाने पर्याय टाकणे महागात पडते. ‘आरसिंक’ या कमांडने फाइलींची नक्कल दुसरीकडे पाठवण्याआधी ‘--हेल्प’ वाचणाऱ्याला ‘-एन’ हा पर्याय सापडतो: काय होईल ते दिसते, प्रत्यक्षात काहीच बदलत नाही.

मदत मराठीत देण्याची सोय तांत्रिकदृष्ट्या आहे. गेटटेक्स्ट (संदेशांच्या भाषांतराची साधने) वापरणारा प्रोग्राम भाषांतराची फाइल मिळाली की संदेश मराठीत दाखवतो. प्रत्यक्षात बहुतेक कमांडची मदत अजून इंग्रजीतच वाचावी लागते, आणि नवख्या मराठी विद्यार्थ्याची खरी अडचण तिथेच आहे. भाषांतर झाले तरी पर्यायांची नावे तशीच राहतात. बदलते ते त्यांच्या शेजारचे वर्णन.